रबराचे हात

हातमोजा फुगवून पाहिल्याशिवाय मी तो आजही हातात चढवत नाही. मनगटाकडची कड ओठांशी धरायची, फुंकर मारायची, कड पिळून बंद करायची आणि पाची बोटं ताठ उभी राहिली की गालाजवळ नेऊन बघायचं, कुठून वारा लागतोय का. मध्यंतरी घरात एक आजारपण झालं तेव्हा मुलगी खोकंभर मोजे घेऊन आली. मला फुंकताना पाहून तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आई, तोंड लावलंस की त्याला. मग कसला आलाय मोजा? एक काढायचा, वापरायचा, फेकायचा." मी म्हटलं, "बरं बाई, तू शहाणी." दुसरं काय सांगणार तिला? त्या फुंकरीची गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते, आणि ती तेव्हा आठ महिन्यांची होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं घर बोळिंजला. आता तिथं इमारतींपलीकडे काही दिसत नाही, पण तेव्हा सगळ्या वाड्या होत्या, केळीच्या, पानवेलीच्या, मोगऱ्याच्या, आणि त्यातलीच एक आमची. माझे मालक आणि सासरे वाडीत राबायचे. मी मॅट्रिकला गणितात आपटलेली, पण आजाऱ्यांची देखभाल करण्याचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्या जोरावर मला वसईच्या बाजूला एका आश्रमात मदतनीस म्हणून नोकरी लागली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बायकांचा तो आश्रम, नन्स चालवायच्या. चर्चच्या मागे बैठी कौलारू इमारत, एक लांब वॉर्ड, दहा खाटा. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं.

सगळं बघायच्या त्या मोठ्या सिस्टर. केरळच्या. मराठी त्या प्रार्थनेच्या पुस्तकांतून शिकल्या होत्या, त्यामुळे साधं काही विचारलं तरी प्रवचन सुरू झालंसं वाटायचं. "कन्ये, बेडपॅन कोठे ठेवलेस?" सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. पुढे सवय झाली. नर्सिंग मात्र त्यांनी मोठ्या इस्पितळात केलं होतं, आणि नजर अशी की चादरीचा एक कोपरा खोचायचा राहिला तरी दारातून दिसायचा.

मोजे होते चार जोड. मुंबईच्या कुठल्याशा इस्पितळानं काढून टाकलेले, जाड, पिवळट रबराचे. फेकायचं तर नावच नको. संध्याकाळी साबणानं धुवायचे, उकळायचे, काठीवर वाळत घालायचे, आतून-बाहेरून पावडर लावायची आणि मग फुंकायचे. भोक सापडलं की फाटक्या मोज्याचा टिकलीएवढा तुकडा कापायचा आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून वर चिकटवायचा. हे काम माझं. माझ्याइतकं सफाईचं ठिगळ कुणाचं बसत नाही असं मोठ्या सिस्टरही म्हणायच्या, आणि त्या दिवशी मी मोज्यापेक्षा जास्त फुगायचे. चारांतला सगळ्यात धड जोड मी माझ्यासाठी राखून ठेवला होता. सकाळी सातला घातला की संध्याकाळी पाचलाच काढायचा. दुसरी मदतनीस आणि नन्स अडीनडीला घालायच्या, मी कायम. काढले की बोटं पांढरी, सुरकुतलेली निघायची. वॉर्डात माझं नाव पडलं होतं, रबरवाली.

हसायचे ते हसोत. माझं कारण माझ्यापाशी होतं. माझा पहिला मुलगा पाच महिन्यांचा असताना हगवणीनं गेला. शनिवारी दुपारी पातळ व्हायला लागलं आणि रविवारी संध्याकाळी सगळं आटोपलं. त्या दीड दिवसात तो कसा सुकत गेला, टाळू कशी आत गेली, ते मी सांगत नाही. सांगायला बसले तर माझा आजचा दिवस जाईल. तर ही दुसरी. हिच्या बाबतीत मी वेडी आहे असं लोक म्हणायचे, आणि खोटं नव्हते म्हणत. संध्याकाळी एसटीतून उतरले की घरात पाऊल न टाकता सरळ वाडीतल्या विहिरीवर जायचं, दोणीतलं पाणी डोक्यावरून ओतायचं, साडी तिथंच भिजत टाकायची आणि मग पोरीला घ्यायचं. पदराखाली घेतली तरी मन थाऱ्यावर नसायचं. हिला काही नेऊन तर दिलं नाही ना मी, हाच एक घोर. सासूबाई ओट्यावर भाजी निवडता निवडता बोलायच्या, "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं, हे ऐकलं होतं. तू तर पाणीसुद्धा फुंकतेस गं बाय." पण कोरडी साडी विहिरीवर आणून ठेवायच्या त्या त्याच.

आता ते बेसिन सांगायला हवं. वॉर्डाच्या दारात तिवईवर इनॅमलचं बेसिन असायचं. सकाळी त्यातल्या पाण्यात लोशन ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं आणि वास थेट नाकात शिरायचा. येताजाता त्यात हात बुडवायचे, हा नियम. चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं, आत जाताना बोटं बुडवून कपाळाला लावतात. आमच्या बेसिनचं तेच होऊन बसलं होतं. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून भेटायला येणारी माणसं सवयीनं त्यात बोटं टेकवायची, कपाळाशी नेऊन क्रूसाची खूण करायची आणि वास आला की दचकायची. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. पण खरं सांगते, हसणारीची श्रद्धाही काही वेगळी नव्हती. मी हिंदू घरातली, मला ते तीर्थ. शौचाचं भांडं उचललं, बेसिनमध्ये हात बुडवले. पुढच्या आजीला पेज भरवली, परत बुडवले. सगळं मोज्यांसकट. दुपारपर्यंत ते पाणी राखाडी व्हायचं, पण वास असायचा ना. वास आहे तोवर औषध आहे, असं आम्ही सगळ्याजणी धरून चाललो होतो.

माझी फेरी ठरलेली. दारापासून डावीकडे एक ते पाच, मग समोरच्या ओळीनं परत सहा ते नऊ. दहावी खाट रिकामी असायची. एक नंबरची आजी हिंडती-फिरती होती. सकाळी सगळ्यात आधी तिची वेणी घालून दिली की ती व्हरांड्यात जाऊन बसायची ती झोपायलाच आत यायची. बाकीच्यांचं सारं खाटेवर.

सात नंबरला एक कोळीणबाई. पायानं अधू, जिभेनं धडधाकट. तिनं पहिल्याच दिवशी मला झटकलं. "मना नको ते रबर. मेल्या माशावानी लागते." पाणी प्यायचा तिचा तांब्या, तिची पितळी, तिचा चमचा, सगळं उशाशी. घासायची तीच, खाटेवर बसून, आणि कुणी हात लावला तर तिचा आवाज बंदरापर्यंत जायचा. तिच्या अंगाला हात लावायचा तो मोठ्या सिस्टरनीच, आणि तोही कोपऱ्यातल्या नळावर साबणानं धुऊन, उघडा. मला काय, एक कमी झाली. मी सात नंबर ओलांडून सरळ आठवर जायचे.

आणि नऊ नंबरला टीचरबाई. वसईच्याच एका ख्रिस्ती गावातल्या, तिथल्या शाळेत जन्म घालवलेल्या. कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर होत्या, पण हात आणि डोकं शाबूत. माझ्या मुलीला त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं, तरी तिच्यासाठी लोकरीचं टोपडं विणलं, दोनदा उसवून तिसऱ्यांदा. मोज्यांवरून सगळे मला हसायचे, टीचरबाई कधी हसल्या नाहीत. "हसू देत त्यांना. तुझ्या घरी लेकरू आहे. मी मुलालासुद्धा सांगितलंय, ही मुलगी मोज्यांशिवाय कुणाला हात लावत नाही हो." मुलगा मुंबईत नोकरीला होता, दर रविवारी यायचा. त्यांची खाट फेरीत शेवटी, म्हणून दोन घटका बसायला मिळायचं. पोरीनं आज काय केलं ते मी सांगायचे आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या.

पावसाळा ओसरत आला होता तेव्हा दोन नंबरच्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या खाटेवर चांदीप गावाहून एक आजी आली. जन्मभर भातशेतीत राबलेली, आता नुसती हाडं. आली तेव्हाच पोट बिघडलेलं होतं. आणणारी माणसं म्हणाली, गाडीचे हिसके लागले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. मंगळवारी तीन नंबर. मंगळवारीच संध्याकाळी चार.

मला कळलं ते वासावरून. तो वास मी विसरले नव्हते. चांदीपच्या आजीचं लुगडं बदलता बदलता तिला तशीच सोडून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. एक नंबरची आजी म्हणते, "काय गं, भूत पाहिलंस?" मी आत गेले, दुसरा जोड काढला आणि पहिल्यावर चढवला. मोज्यांवर मोजे. बोटं धड वाकेनात, पण मला तेवढाच धीर.

वसईहून डॉक्टर स्कूटरवर यायचे. सलाइन लावायचे, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा म्हणायचे. मोठ्या सिस्टरनी आश्रमाच्या विहिरीत जंतुनाशक पावडर टाकून घेतली, पाणी उकळायला लावलं, भांडी उकळायला लावली, चादरींना तर रोज चुलीवर चढवलं. गावातून शहाळी आली. सगळं झालं आणि बुधवारी पाच नंबर आडवी झाली, गुरुवारी सहा. माझ्याबरोबरची दुसरी मदतनीस बुधवारपासून यायचीच बंद झाली. आता वॉर्डात मी आणि मोठ्या सिस्टर, बाकीच्या नन्स चुलीपाशी. मी दिवसभर पाण्याचा घोट घेत नव्हते, कारण त्यासाठी मोजे काढावे लागले असते. बेसिनमध्ये एकदाऐवजी दोनदा हात बुडवत होते. नोकरी सोडायची असं रोज एसटीत ठरवायचे. मालक म्हणाले, "सोड की. आपल्याला काय कमी आहे?" सकाळ झाली की टीचरबाईंना कोण भरवेल असं मनात यायचं आणि मी परत बसथांब्यावर उभी. शूरबिर काही नव्हते मी. भित्री होते, पण मोजे होते ना.

गुरुवारी संध्याकाळी विहिरीवरून ओल्या केसांनी घरात आले तर सासूबाई दुपटी धूत होत्या. "दोनदा पातळ झालीय," त्या म्हणाल्या, भात झालाय म्हणावं इतकं सहज. मी पोरीला घेतलं, टाळू बघितली, जीभ बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, परत धरून सोडली. ती आपली माझ्या ओल्या वेणीशी खेळतेय. मी आणलं, मी आणलं, एवढंच डोक्यात. पाजावं तर भीती, न पाजावं तर भीती. वाटीत मीठ-साखरेचं पाणी कालवून चमच्या-चमच्यानं देत बसले आणि रडत बसले. सासूबाईंनी थोडा वेळ बघितलं, मग जवळ आल्या आणि पोरीच्या तोंडात बोट घालून म्हणाल्या, "इथं हात लाव. दात टोचतोय बघ. दातांची हगवण आहे ही." मी बोट पुढे करीना. माझं बोट तिच्या तोंडात घालायची माझी छाती होईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम आवाज उतरवून म्हणाल्या, "अगं, आई आहेस ना तू तिची?"

तिसऱ्यांदा पातळ झालं नाही. सकाळी ती हसली तेव्हा खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसली. दातच होता. एसटीत मी खिडकीशी बसून वेड्यासारखी हसत होते. त्या सकाळी माझे हात हलके झाले होते, सगळ्यांचं मायेनं केलं. आठ नंबरच्या आजीला पहाटेपासून जुलाब लागले होते, तिला स्वच्छ केलं, चादर बदलली, बेसिनमध्ये हात बुडवले दोनदा, आणि टीचरबाईंकडे गेले. दात आल्याचं सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, "आज मला तुझ्या हातचा चहा पाज." मी चमच्यानं चहा पाजला. ओठावरून ओघळला तो बोटानं पुसला.

दहाच्या सुमारास मोठ्या सिस्टरनी खोलीत बोलावलं. टेबलावर कागद. त्यावर वॉर्ड काढलेला, दहा चौकोन, चौकोनात आजारी पडल्याचा वार. त्यांनी तो माझ्याकडे फिरवला.

"वाच."

मी वाचलं. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ.

"ही तुझी फेरी आहे."

"हो."

"पहिली बाई निरोगी का राहिली?"

"तिचं मी सगळ्यात आधी करते ना. नुसती वेणी. मोजे तेव्हा नुकतेच घातलेले असतात."

"आणि सातवी?"

"ती हातच लावू देत नाही," मी म्हटलं, आणि म्हणताना थोडी हसलेही असेन. ते हसू तसंच तोंडावर राहिलं.

मोठ्या सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "कन्ये," त्या म्हणाल्या, "मोज्यांनी तुझे रक्षण केले. त्या बायांचे कोणी केले? तू एकीचे दुखणे दुसरीच्या उशाशी नेऊन ठेवलेस."

"मी प्रत्येक वेळी बेसिनमध्ये हात बुडवले, सिस्टर."

"त्या बेसिनात सर्वांचे सर्व आहे. ते बेसिन मी ठेवले. अपराध माझाही आहे." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आठानंतर काय येते?"

मी धावत वॉर्डात गेले. टीचरबाई डोळे मिटून पडल्या होत्या. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "अगं, पहाटेपासून पोटात गुडगुडतंय. तुला वाटलं असेल, ही म्हातारी चहा का मागतेय. जरा शेक मिळेल म्हणून मागितला." म्हणजे त्या सकाळच्या आधीच कधीतरी मी त्यांना ते दिलं होतं. बुधवारी, नाहीतर गुरुवारी. दोन-दोन मोजे घालून.

मोठ्या सिस्टरनी बेसिन उचललं आणि मागच्या कर्दळीत ओतून दिलं. तिवईवर साबण ठेवला, लाल, जाडसर वडी, शेजारी बादली आणि तांब्या. म्हणाल्या, "एका बाईला हात लावलास की वाहत्या पाण्याने धू. साबणाने, कोपरापर्यंत. मोजे हवेत तर प्रत्येकीचे वेगळे हवेत. आपल्याकडे चार जोड आहेत. म्हणून धू."

"आणि माझी मुलगी?"

"साबण तिच्यासाठीही आहे."

मी मोजे काढले. वरचे, मग खालचे. माझे स्वतःचे हात मला परक्याचे वाटले, मऊ, पांढरे, ओले. समोर चांदीपच्या आजीचं भांडं भरलेलं होतं आणि ते उचलायचं होतं. दार उघडं होतं, दारातून एसटीचा रस्ता दिसत होता, आणि मला आठवण आली ती पहिल्या मुलाच्या टाळूची. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. सात नंबरवरून आवाज आला, "उचल गो. हाताला काय होते? हात धुता येतात." मी उचललं. मग धुतले. इतके धुतले की मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पुरे, आता पुढची.

त्यानंतर नवीन कुणी आजारी पडलं नाही. एक आणि सात नंबर शेवटपर्यंत ठणठणीत. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ एकेक करून उठून बसल्या, अगदी ती हाडांची चांदीपची आजीसुद्धा. टीचरबाई मात्र उतरत गेल्या. सलाइन लागेना, शीर सापडेना. शनिवारी मी त्यांना पाणी पाजत होते तेव्हा त्यांनी माझा हात चाचपला.

"मोजे कुठे गेले तुझे?"

"काढले."

"अगं, लेकराचं काय मग?"

हे त्यांनी विचारलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "टीचरबाई, माझ्यामुळेच तुम्हाला," एवढंच म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. त्या म्हणाल्या, "हात नीट धुतेस ना? नखांत धू. मुलं नखांत धूत नाहीत." शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं, आणि माझा हात सोडला नाही. हात गार पडलेला त्यांचा. रविवारी मिस्साची घंटा झाली आणि थोड्याच वेळानं त्या गेल्या. मुलगा नेहमीच्या वेळेला आला तेव्हा मी त्यांचे केस विंचरत होते.

त्या संध्याकाळी मी विहिरीवर गेले, अंगावर पाणी ओतलं, आणि नखांत धुतलं. घरी येऊन पोरीला घेतलं. तिच्या तोंडात बोट घातलं. दात चांगला टोचत होता.

महिन्यानं टीचरबाईंची महिन्याची मिस्सा झाली. मिस्सेनंतर त्यांचा मुलगा आश्रमात आला, काखेत पुठ्ठ्याचं खोकं. दुखवट्याचा काळा पट्टा शिवलेला शर्ट, दाढी वाढलेली. मी बादलीपाशी हात धूत होते. तो मला बघून थांबला आणि दोन्ही हातांनी ते खोकं पुढे केलं.

"मुंबईहून आणलेत. अगदी नवीन आहेत. आई दर रविवारी सांगायची, एक मुलगी आहे, मोज्यांशिवाय कुणाला हात लावत नाही. तिला चारच जोड आहेत, ठिगळं लावून वापरते. म्हटलं आईच्या नावानं हेच द्यावं. तुम्ही तिला फार जपलंत."

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. बोलायचं की नाही ते माझ्यावर सोडलं होतं त्यांनी. मी तोंड उघडलं. तो इतक्या विश्वासानं बघत होता की मला ते धैर्य झालं नाही. मी म्हटलं, "त्या फार चांगल्या होत्या." तो रडायला लागला, मग मीही. त्याला वाटलं असेल दोघांचं रडणं एकच आहे. त्याला मी सांगितलं नाही. पुढे इतकी वर्षं झाली, घरातही कुणाला सांगितलं नाही.

तो गेल्यावर मी खोकं उघडलं. कागदाच्या घड्यांत ठेवलेले, पांढरे, पातळ, ठिगळ नसलेले. हात कोरडे केले, सवयीनं एक उचलला, कड ओठांशी धरली आणि फुंकलं. पाची बोटं ताठ उभी राहिली. गालाशी नेऊन बघितलं. कुठूनही वारा येत नव्हता.